पाइपावरचा हात

"हात घाला आत, ताई. चावत नाही ती."

मशीनताईने पर्स काउंटरवर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि लोखंडी पेटीच्या दोन भोकांतून आत लोंबणाऱ्या रबरी हातमोज्यांत हात घातले. मोजे कुणा पैलवानाच्या मापाने बेतलेले असावेत. तिची बोटं अर्ध्यातच संपली आणि मोज्याची उरलेली रिकामी बोटं काचेपलीकडे उगाच माना डोलवत राहिली. पेटीची उंचीही पैलवानाचीच. टाचा उचलल्या तेव्हा कुठे काचेतून आतलं दिसायला लागलं.

"आता समजा, गंजलेली वस्तू आत ठेवली," दुकानदार म्हणाला, "दार लावलं. हवेच्या जोरावर बारीक कण नळीतून सुसाट येऊन आपटणार की गंज गेलाच. तुमचं दोन दिवसांचं घासणं चहा गार व्हायच्या आत उरकतं."

कॉम्प्रेसर विकतो म्हणून बाजारात त्याला हवावाला म्हणत. "आपण हवा विकतो, पण हवेतल्या गप्पा मारत नाही," हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदा तरी ऐकवायचा आणि मग बराच वेळ हवेतल्या गप्पा मारायचा. माणूस मात्र चांगला. सकाळपासून तीन पेट्या उघडून दाखवल्या, कपाळाला आठी नाही.

"आणि कण कसले घालायचे?" तिने विचारलं.

"काहीही चालतं हो. नदीची वाळू चाळून घाला. पहिलं पोतं माझ्याकडून फुकट!"

वाळूचं नाव निघताच तिने हात मोज्यांतून ओढून काढले आणि आधी रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर तिचा नवरा दुकानाकडे पाठ करून बसला होता. एवढ्या लांबून ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी पाहिलं.

"दादांना आत बोलवा की. उन्हात कशाला बसलेत?"

"ते यायचे नाहीत."

"मशीनमधलं कळत नाही वाटतं त्यांना?"

"कळतं," मशीनताई म्हणाली. "म्हणूनच."

मशीनताई हे नाव गल्लीने ठेवलेलं. आधी ती कपडे शिवायची. एकदा सासूबाईंचं जुनं शिलाई मशीन जाम झालं, दुरुस्तीवाला म्हणाला भंगारात घाला, तेव्हा हिने रागाने ते स्वतःच खोललं. मग घाबरली. परत जोडलं, तर एक स्क्रू उरला. परत खोललं. आठवड्याभराने मशीन असं चालायला लागलं की सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लग्नात सुद्धा इतकं गुळगुळीत चाललं नव्हतं." तेव्हापासून लोकांनी आपापल्या आज्या-पणज्यांची मशीनं आणून टाकायला सुरुवात केली. पाठोपाठ तराजू आले, खिम्याची यंत्रं आली, कोळशाच्या इस्त्र्या आल्या. लेक नोकरीसाठी दूर गेली आणि तिच्या खोलीत पलंगाच्या जागी कामाचं टेबल आलं.

काम म्हणजे मुख्यतः गंजाशी कुस्ती. रॉकेलात भिजवायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, पॉलिशपेपरने घासायचं, पुन्हा भिजवायचं. त्या कुस्तीत हल्ली तिचं मनगट हरत होतं. डॉक्टरीणबाईंनी अंगठा मागे वाकवून पाहिला, तिच्या तोंडून निघालेली किंकाळी ऐकली आणि म्हणाल्या, "ब्रश बंद. नाहीतर उद्या कप धरायचे वांधे होतील."

घासणं बंद म्हणजे सगळंच बंद. त्यात मुलींच्या शिवणवर्गाची मशीनं नुकतीच येऊन पडलेली. गोदामाचं छप्पर गळून पुरती लाल झालेली. वर्गाच्या बाईंनी विचारलं होतं, "होतील का हो?" आणि हिने मनगटाला न विचारता सांगून टाकलं होतं, "न होऊन जातील कुठे!"

यावर इलाज एकच होता: हवावाल्याकडची पेटी. आणि ते नाव घरात काढायची सोय नव्हती.

तिच्या नवऱ्याची उमेदीची सगळी वर्षं ओतकामाच्या कारखान्यात गेली. साच्यातून निघालेलं ओबडधोबड लोखंड एका शेडमध्ये जायचं आणि तिथे वाळूच्या फवाऱ्याने साफ व्हायचं. तिथे पेटी नव्हती, मोजे नव्हते. माणूसच त्या धुरळ्यात उभा राहायचा, तोंडाला फडकं बांधून. काम जोडीचं. एक जण आत फवारा मारणार, दुसरा बाहेर हवेच्या पाइपावर हात ठेवून उभा. आत काही ऐकू यायचं नाही, म्हणून बाहेरच्याने पाइपावर पाना आपटायचा. दोन ठोके वाजले की थांब, बाहेर ये, फडकं सोड. ही पाळी दोघांनी आलटून पालटून करायची. त्यांचा जोडीदार बारा महिने लोकरीची टोपी घालायचा, म्हणून टोपी. आणि यांचं नाव फुंकर. साफ झालेला तुकडा उचलून हे तोंडासमोर धरायचे आणि अशी एक फुंकर मारायचे की कानाकोपऱ्यातला कण न् कण उडून जायचा. ती फुंकर बसली की माल पास, असा शेडचा शिरस्ताच पडला होता. लग्न झाल्यावर मशीनताईला हे कळलं, तेव्हापासून लाडात आली किंवा रागावली की ती त्यांना फुंकरराव म्हणते. ती कशात आहे हे त्यांनी आवाजावरून ओळखायचं.

टोपी दोन वर्षांपूर्वी गेला. फुंकररावांच्या छातीचा फोटो उजेडावर धरून डॉक्टरांनी आधी एवढंच विचारलं होतं, "किती वर्षं काढली वाळूत?" आता ते गल्लीतून टेकाडावरच्या घराचा जिना दोन टप्प्यांत चढतात आणि मधल्या वळणावर उगाच खिशात किल्ली शोधतात. किल्ली तिच्या पर्समध्ये असते हे दोघांनाही ठाऊक आहे.

त्या दिवशी दुकानातून परतल्यावर तिने विषय काढला. भाजी चिरता चिरता, पाठमोरीच. अशा गोष्टी पाठमोरं राहूनच बोलाव्यात.

"मधल्या आकाराची पेटी बरी वाटली."

"त्याचं नाव परत काढलंस तर मी या घरात जेवणार नाही."

"बरं."

"बरं काय? त्या शेडमधून मी काय घेऊन आलो घरी? छातीत भरून आणलं ते आणलं. आता तू दुकानातून विकत आणणार?"

"तुमच्या शेडला दारंच नव्हती. ही बंद पेटी आहे. धूळ आतल्या आत राहते, पंखा ओढून घेतो, पिशवीत भरतो."

"असं दुकानदार सांगतो."

"हो."

"पेटीला फटी असतात," ते म्हणाले आणि खोकल्याने पुढचं गिळलं.

ती भाजी चिरत राहिली. खोकला थांबायची वाट बघायची असते, धावायचं नसतं. धावलं की त्यांना राग येतो, हे ती अनुभवाने शिकली होती. थांबल्यावर म्हणाली, "मग फटी तुम्ही शोधा. मला कुठे कळतात? मला आपलं मनगट तेवढं कळतं."

रात्री लेकीचा फोन आला तेव्हा तिने विचारलं, "बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं. जेवणार नाही म्हणाले."

"मग?"

"दोनदा वाढून घेतलं."

दुसऱ्या दिवशी ती बाहेर पडायच्या आधीच फुंकरराव इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते. शर्टाच्या खिशातून टॉर्चचं डोकं वर आलं होतं.

"भर दिवसा टॉर्च?"

"चल," ते म्हणाले.

दुकानाच्या उंबऱ्यापाशी ते एकदा थांबले. कोपऱ्यात रचलेल्या वाळूच्या पोत्यांकडे पाहिलं आणि रुमाल काढून नाकाला लावला. मग आत आले.

"या या, दादा!" हवावाला म्हणाला. "पोतं बाजूला काढूनच ठेवलंय तुमचं. फुकट म्हणजे फुकट."

"फुकट मी आधीच घेतलीये, बाबा. पोतंभर," फुंकरराव म्हणाले. "ती नको. कुरुंदाचे, त्या धार लावायच्या दगडाचे, दाणे दाखव. नाहीतर काचेचे बारीक मणी. आणि शटर ओढ."

"शटर? दुकान चालू आहे, दादा!"

"थोडा वेळ. आणि दिवे घालव."

हवावाल्याने मशीनताईकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. संसारात काही प्रश्न असे असतात की खांदे उडवणं हेच उत्तर. शटर खाली आलं, दिवे गेले. अंधारात टॉर्च पेटला आणि फुंकररावांनी तो सर्वांत चकचकीत, सर्वांत महाग पेटीच्या आत ठेवून दार लावून घेतलं.

पेटीच्या चारही कडांनी उजेडाच्या रेघा उमटल्या. बिजागरीपाशी तर बोटभर. मोज्यांच्या कड्याभोवती चंद्रकोर.

"जिथून उजेड बाहेर, तिथून धूळ बाहेर," ते म्हणाले.

"आयला," अंधारातून हवावाला म्हणाला. "दादा, तुम्ही गिऱ्हाईक की इन्स्पेक्टर?"

"रोगी," फुंकरराव म्हणाले. यावर कुणाला हसावं की नाही कळेना, तेव्हा ते स्वतःच हसले आणि मग बाकीचे.

एकेका पेटीत टॉर्च जाऊन आला. मधली निम्मी गळत होती. शेवटी हवावाल्याने मागच्या बाजूने एक लहानशी, पोचा आलेली पेटी ओढून काढली. कुणीतरी परत केलेली, अंगाखांद्यावर धूळ. तिच्यात टॉर्च ठेवला आणि दुकान काळंकुट्ट झालं. दाराच्या खालच्या कडेला केसाएवढी एक रेघ तेवढी उजळली.

"रबराची पट्टी लावली की झालं," फुंकरराव म्हणाले. आवाजात शेडमधला जुना रुबाब आला होता. "हीच घे."

"थांबा," मशीनताई म्हणाली. "तुमची पसंती झाली. काम मी करायचंय."

दिवे लागले. तिने मोज्यांत हात घातले. बोटं टोकापर्यंत पोचली. पेटी बुटकी होती. उभं राहून वाकावं लागत होतं, पण स्टूल घेऊन बसलं तर काच बरोबर डोळ्यांसमोर येत होती. आणि हवा सोडायला नळीच्या खटक्याऐवजी खाली पायडल होतं. तिने पाऊल ठेवून दाबलं, सोडलं, दाबलं. तिच्या पावलाला हे शिलाई मशीनपासून पाठ होतं. ती एवढंच म्हणाली, "हे घरचंच वाटतंय."

राहिला कॉम्प्रेसर. हवावाल्याने भल्यामोठ्या टाकीचा लालभडक गडी पुढे केला. "हा बघा. टाकी केवढी! हत्ती नुसता."

"टाकी नको सांगू. चालव. हिने आणलंय ते ही आत ठेवेल," फुंकरराव म्हणाले.

मशीनताईने पिशवीतून शिवणवर्गाच्या मशीनचं एक गंजकं चाक काढून पेटीत ठेवलं आणि पायडल दाबलं. दाणे सुटले, चाकावर राखाडी चट्टा उमटला, तिच्या तोंडून "अगं बाई" निघालं. मात्र चट्टा चार बोटं सरकतो न सरकतो तोच फवारा लुळा पडला. दाबाचा काटा खाली आला. लाल गडी धडधड करून हवा भरायला लागला आणि भरतच राहिला. धडधड, हुंदका, धडधड.

तिघं ऐकत उभी राहिली. मशीनताईला तो आवाज ओळखीचा होता. घरच्या जिन्याच्या मधल्या वळणावर ती रोज ऐकायची.

"हा माझ्यासारखा," फुंकरराव म्हणाले. "छाती मोठी, दम नाही. साठवलेलं संपलं की बसला. टाकीपेक्षा पंपाचा दम बघायचा. सलग किती हवा देतो ते."

हवावाला मोठ्याने हसला. मशीनताई चाकाकडे बघत राहिली.

मग दोन दट्ट्यांचा, पट्ट्यावर चालणारा, जाडजूड पण टाकीने लहान असा एक आला. दिसायला म्हातारा, रंग उडालेला. तो संथ चालला. चाकाची पूर्ण एक बाजू साफ होईपर्यंत काटा जागचा हलला नाही. फुंकररावांनी त्याच्या पंपावर तळहात ठेवला, ताप बघावा तसा. "हा." बरोबर हवेतलं पाणी अडवायची बाटली घेतली, कारण ओले दाणे नळीत बसतात. धूळ ओढणारा पंखा घेतला. निघताना हवावाल्याने विचारलं, "दादा, तो टॉर्चचा प्रकार मी गिऱ्हाइकांना दाखवला तर चालेल? चांगल्या पेट्या तरी पटकन विकल्या जातील."

"दाखव. आणि वाळूची पोती बांधकामवाल्यांना विक."

घरी पेटी सासूबाईंच्या मशीनच्या बिडाच्या पायांवर बसली. कॉम्प्रेसर मागच्या अंगणात, पत्र्याखाली. भिंतीला भोक पाडून पाइप आत आला. फुंकररावांनी पट्ट्या लावल्या, टॉर्च ठेवून पाहिला, पुन्हा लावल्या. नियम घातले: खोलीचं दार बंद, तोंडाला मास्क, पंखा आधी चालू आणि शेवटी बंद. स्वतःसाठी एकच: त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

पहिल्या दिवशी मशीनताई स्टुलावर बसली आणि पाय पायडलवर टेकवला. तेच चाक. दुसरी, दर्शनी बाजू. मनगट स्वस्थ आणि गंज पळतोय, असं तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. लाल जाऊन करडं आलं, करड्यातून आऱ्यांवरची नक्षी वर आली, वेलबुट्टीची, जी गंजाखाली आहे हेच कुणाला ठाऊक नसेल. तिला राहवेना. तिने मास्क गळ्यात ओढला, खोलीचं दार ढकललं. "अहो! फुंकरराव! हे बघा तरी!" हा लाडातला फुंकरराव होता, म्हणून तेही उठून दाराशी आले. आणि तिने तशीच, एका हाताने, पेटीचं दार उघडलं.

खिडकीतून उन्हाचा पट्टा येत होता. त्या पट्ट्यात पेटीतून एक करडा श्वास बाहेर पडला आणि सावकाश पसरला.

फुंकरराव मागे सरले. कोपर तोंडावर, पाठ भिंतीला. मग अंगणातून खोकला ऐकू आला. तिने पेटी बंद केली, पंखा चालूच ठेवला, पण कण बाहेर पडून गेले होते. बाहेर गेली तेव्हा ते पायरीवर बसले होते, गुडघ्यांवर कोपरं टेकून. ती शेजारी बसली. धावली नाही.

जेवताना ती म्हणाली, "परत करते. उद्या फोन करते त्याला."

त्यांनी भाजी वाढून घेतली. जेवण झाल्यावर मात्र पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढून त्यात काहीतरी खडखडाट करत राहिले. "काय शोधताय?" तिने विचारलं. "आहे इथेच कुठेतरी," ते म्हणाले.

सकाळी ती फोन घ्यायला आली, तर फोन जागेवर नव्हता. तो फुंकररावांच्या खिशात होता आणि फुंकरराव अंगणात, कॉम्प्रेसरपासून जरा लांब, खिडकीबाहेर स्टूल टाकून बसले होते. खिडकी घट्ट लावलेली. भिंतीतून आत जाणाऱ्या पाइपावर त्यांचा डावा हात होता. उजव्या हातात जुना, झिजलेला पाना.

"तू आत," ते म्हणाले. "मी बाहेर. ठोके पडल्याशिवाय पेटीचं दार उघडायचं नाही. मी बोलावलं तरी नाही. घराला आग लागली तरी नाही."

"आग लागली तर उघडीन हो."

"ते बघू तेव्हा."

"पण किती वेळ थांबायचं हे तुम्हाला बाहेरून कसं कळणार?"

"हवा बंद झाली की हाताला कळतं. मग मी माझे श्वास मोजतो. हल्ली तसेही मोजूनच घ्यावे लागतात." त्यांनी पाना तळहातावर तोलला. "आत माणूस घाईत असतो, अगं. त्याला वाटतं, झालं. म्हणून तर बाहेर कुणीतरी लागतं. टोपी होता तोवर मला एकदाही घाईत फडकं सोडू दिलं नाही त्याने. तरी काय, शेडला दारंच नव्हती. त्याच्या बिचाऱ्याच्या हातात पाना तेवढा होता."

ती आत गेली. दार लावलं, मास्क चढवला, मोज्यांत हात घातले. चाकाचा मधला भाग राहिला होता, आऱ्यांच्या बेचक्यांतला, जिथे ब्रश कधीच पोचत नाही. संथ पंप बाहेर एका सुरात चालला होता. ती पायडल दाबत होती, सोडत होती, आणि दर वेळी भिंतीपलीकडे एका तळहाताला ते कळत होतं.

झालं. तिने पाय उचलला.

काचेआड करडं धुकं होतं. पंखा त्याला ओढत होता. धुकं विरलं, चाक स्वच्छ दिसायला लागलं, आणि तिचा हात आपोआप दाराच्या कडीकडे गेला. झालंच की आता. ठोका पडला नाही. तिने हात मांडीवर ठेवला. आतली नजरेला न दिसणारी धूळ बसायची वाट बघत ती बसून राहिली. असं काहीही न करता बसायची तिला सवय नव्हती.

ठण्. ठण्.

तिने दार उघडलं. उन्हाच्या पट्ट्यात काही आलं नाही. नुसतं ऊन.

चाक काढून तिने मऊ फडक्याने पुसलं, बेचक्यांतून फडक्याचं टोक फिरवलं, पुन्हा पुसलं. मास्क खोलीतच उतरवला, हात धुतले आणि मग अंगणात गेली.

फुंकरराव अजून पाइपावर हात ठेवून बसले होते. तिने चाक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उन्हात फिरवलं, वेलबुट्टीवरून अंगठा नेला, उलटं करून बेचक्या पाहिल्या. एक वेल, दुसरी वेल. मग पाठ ताठ केली, चाक तोंडासमोर धरलं, छाती जमेल तेवढी भरून घेतली आणि फुंकर मारली.

फुंकर एवढीशीच होती. पण चाकावरून उडून जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"पास," ते म्हणाले, आणि दुसरं चाक आणायला ती आत वळली.